ओटीटीची वर्षभराची वर्गणी भरण्यापूर्वी काय तपासावे?

ताम्हण (नाशिक)

आमच्या फायबर कंपनीने नव्या योजनेत वीसहून अधिक ओटीटी ॲप 'मोफत' देऊ केली आहेत आणि नेमकी याच महिन्यात आमच्या डीटीएचच्या वार्षिक रिचार्जची मुदत संपत आहे. डीटीएच बंद करून घरातील सगळे टीव्ही पाहणे इंटरनेटवर न्यावे की नाही, हे त्यामुळे लवकरच ठरवावे लागेल. घरात दोन टीव्ही आहेत. सासूबाई संध्याकाळी स्टार प्रवाह आणि झी मराठीवरील मालिका पाहतात, यजमानांना क्रिकेट लागते, अकरावीतील मुलगी नेटफ्लिक्स पाहते आणि मला आठवड्याला एखादा बरा चित्रपट पुरतो.

दरांची तुलना करायला बसले तेव्हा लक्षात आले की कोणतेही दोन दर एका मापाने दिलेले नाहीत. नेटफ्लिक्सचे दर महिन्याचे आहेत: केवळ मोबाइलसाठी १४९, एका पडद्यासाठी १९९, दोन पडद्यांसाठी ४९९ आणि फोर-के दर्जासह चार पडद्यांसाठी ६४९ रुपये. ॲमेझॉन प्राइम वर्षाला १४९९ रुपये घेते आणि त्यातच घरपोच सामानाची सवलतही येते. मात्र जून २०२५ पासून तेथील चित्रपटांमध्ये जाहिराती आल्या आहेत व त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मोजावे लागतात. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाले तेव्हा मोबाइल योजना तीन महिन्यांना १४९ रुपये, सुपर योजना तीन महिन्यांना २९९ रुपये आणि प्रीमियम योजना महिन्याला २९९ किंवा वर्षाला १४९९ रुपये अशी रचना होती. सुरुवातीचे दर पुढे तसेच राहतात असेही नाही, म्हणून भरण्याच्या दिवशी ॲपमधला दर पाहावाच लागतो.

सगळे आकडे महिन्यावर आणून एक तक्ता केला, पण तो पाहूनही निर्णय होत नाही. स्वस्त कोणते ते कळले. आमच्या घराला कोणते योग्य ते कळले नाही. आपण हा विचार कोणत्या क्रमाने करता, ते कृपया लिहावे.

अनवट (पुणे)

तक्ता उत्तम आहे, पण तो चुकीच्या टोकापासून सुरू होतो असे मला वाटते. ॲपमध्ये काय काय आहे याची यादी करण्याआधी घरात प्रत्यक्षात काय पाहिले जाते याची यादी करावी. ती आठवणीतून करू नये, कारण आपण काय पाहतो याविषयी प्रत्येकाची स्वतःबद्दलची समजूत फार उदार असते. बहुतेक ॲप पाहिलेल्या गोष्टींची यादी राखून ठेवतात. तीत गेल्या दोन महिन्यांत कोणत्या प्रोफाइलने काय पाहिले ते दिसते. डीटीएचवरील पाहणे एका वहीत पंधरा दिवस टिपून ठेवा. असे टिपण केलेल्या माझ्या परिचयातील जवळपास प्रत्येक घरात असे आढळले की एक ॲप रोज उघडले जाते, दुसरे आठवड्यातून एकदा, आणि बाकीची केवळ बँकेच्या संदेशातून भेटतात.

मराठी घरासाठी यात एक अडचण आहे आणि ती जाहिरातींत कोणी सांगत नाही. मराठी वाहिन्या एका छताखाली नाहीत. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीचे कार्यक्रम सोनीलिव्हवर, सन मराठीचे सन नेक्स्टवर, तर सह्याद्री वाहिनी प्रसार भारतीच्या 'वेव्ह्ज'वर. ('वेव्ह्ज' नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झाले, त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही आहेत आणि बराचसा भाग विनामूल्य आहे. त्याची आठवण फार थोड्यांना होते.) डीटीएचवर रिमोटच्या एका बटणाने होणारा प्रवास इथे दोन-तीन वर्गण्यांमध्ये विभागला जातो. तेव्हा आपल्या सासूबाईंच्या दोन वाहिन्यांसाठीच दोन ॲप लागतील, हे गृहीत धरून पुढचा हिशेब मांडावा.

दुसरी गोष्ट साठ्याच्या मालकीची. ॲपवर दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी त्या कंपनीच्या नसतात. ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेल्या असतात. एचबीओच्या मालिका हॉटस्टारवर होत्या, त्या ३१ मार्च २०२३ नंतर तेथून गेल्या आणि पुढे जिओसिनेमावर आल्या. मग हॉटस्टार आणि जिओसिनेमा हेच एक झाले. फॉर्म्युला वन शर्यती २०२४ पासून फॅनकोड या खेळांच्या ॲपवर गेल्या. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे डिजिटल हक्क जिओसिनेमा चालवणाऱ्या व्हायाकॉम१८ ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले, पहिले दोन हंगाम विनामूल्य दाखवले आणि २०२५ मध्ये वर्गणी लावली. ज्याने 'क्रिकेट फुकट आहे' या एका कारणाने ॲप निवडले होते, त्याचे ते कारण एका दिवसात संपले. म्हणून वर्षाची वर्गणी फक्त त्या ॲपची भरावी जे तुमच्या टिपणात रोज दिसते. बाकीची महिन्याच्या दराने, आळीपाळीने घ्यावीत: एका महिन्यात एक, त्यातले पाहून झाले की बंद, मग दुसरे.

सह्यकडा (डोंबिवली)

अनवट यांच्या म्हणण्याला मी तांत्रिक बाजू जोडतो, कारण एकाच किमतीच्या दोन योजना प्रत्यक्षात पडद्यावर अगदी वेगळ्या दिसू शकतात.

सर्वप्रथम 'वीस ॲप मोफत' याचे परीक्षण करावे. अशा एकत्रित योजनेत प्रत्येक ॲपची कोणती पायरी दिली आहे, हे अटींच्या पानावर बारीक अक्षरांत असते. नाव मोठ्या ॲपचे असते आणि पायरी मोबाइलची किंवा जाहिरातींसहित असते, असे सर्रास घडते. मोबाइलची योजना टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सची १४९ ची योजना तर ४८० पी, म्हणजे साध्या दर्जाचीच आहे. शिवाय वीसपैकी जी पंधरा ॲप तुम्ही एरवी विकत घेतली नसती त्यांची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे, भले जाहिरातीत ती 'इतक्या हजारांचा लाभ' म्हणून मोजलेली असो. फायबरच्या जाहिरातीतील दरात १८ टक्के जीएसटी सहसा धरलेला नसतो, म्हणजे ९९९ ची योजना हाती येईपर्यंत सुमारे ११७९ रुपयांची होते. तुलना करताना ओटीटीविना असलेल्या साध्या योजनेचा दर काढावा आणि दोन्हींतील फरक हीच त्या ॲपची खरी किंमत समजावी. तो फरक तुमच्या दोन किंवा तीन लागणाऱ्या ॲपच्या सुट्या दरापेक्षा कमी असेल तरच योजना फायद्याची.

पडद्यांच्या मर्यादेकडेही पाहावे. एकाच वेळी किती ठिकाणी पाहता येईल आणि एकूण किती उपकरणे नोंदवता येतील, या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२५ पासून भारतात पाच उपकरणांची मर्यादा घातली आहे व त्यांपैकी टीव्ही दोनच असू शकतात. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून खाते एका घरापुरते मर्यादित केले. भावाच्या खात्यावर पुण्याहून नाशिकला पाहण्याचे दिवस त्यामुळे सरले आहेत, आणि वर्गणी वाटून घेऊ या हिशेबाने कोणी मोठी योजना घेणार असेल तर तो हिशेब आधी तपासावा.

आता दर्जा. नेटफ्लिक्स स्वतः १०८० पी साठी ५ एमबीपीएस आणि फोर-के साठी १५ एमबीपीएस वेग सुचवते, तेव्हा १०० एमबीपीएसच्या फायबरवर वेग ही अडचण नसते. अडचण असते राउटरपासून दोन भिंती पलीकडे असलेल्या टीव्हीपर्यंत पोचणाऱ्या वायफायची. शक्य असेल तिथे टीव्हीला लॅनची तार जोडावी. दुसरा मुद्दा प्रमाणपत्राचा: अँड्रॉइड फोन आणि टीव्ही बॉक्समध्ये वाइडवाइन नावाची कुलूपप्रणाली असते. ती एल१ पातळीची असेल तर एचडी मिळते; एल३ असेल तर बहुतेक ॲप साध्या दर्जावरच थांबतात, मग तुम्ही ६४९ ची योजना का घेतलेली असेना. स्वस्त, अनामिक बॉक्समध्ये हे हमखास घडते. नेटफ्लिक्सच्या मोबाइल ॲपमध्ये सेटिंग्जखाली प्लेबॅकची माहिती असते, तेथे आपल्या फोनला कोणता दर्जा मिळू शकतो ते दिसते.

यजमानांसाठी एक सूचना. इंटरनेटवरील थेट प्रक्षेपण डीटीएचच्या मागे असते. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवले जाते आणि अडखळू नये म्हणून प्लेअर असे काही तुकडे साठवून मगच दाखवतो. त्यात सहज वीस-तीस सेकंद जातात. शेजाऱ्यांकडे डीटीएच असेल तर बळी गेल्याचे तुम्हाला भिंतीपलीकडून आधी कळेल. काहींना याने काही फरक पडत नाही, काहींचा सामनाच नासतो.

निळावंती (गुहागर)

वरील दोन्ही प्रतिसाद फायबर असलेल्या शहरी घरासाठी आहेत. आमच्या वाडीत फायबर आलेले नाही, आणि वाचणाऱ्यांमध्ये आमच्यासारखेही असतील म्हणून लिहिते.

रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल रिचार्जवर ओटीटीचे मूल्यमापन करताना वर्गणीचा दर दुय्यम ठरतो. नेटफ्लिक्सच्या हिशेबाप्रमाणे साध्या दर्जाचे एका तासाचे चित्र सुमारे १ जीबी, एचडी ३ जीबी आणि फोर-के ७ जीबी डेटा खाते. म्हणजे एचडीमध्ये अर्धा तास पाहिले की दिवसाचा डेटा संपला. अशा ठिकाणी ॲप निवडताना डाउनलोड करून ठेवण्याची सोय आहे काय, किती दिवस ते डाउनलोड टिकते आणि दर्जा हाताने कमी करता येतो काय, हे आधी पाहावे. तालुक्याला गेल्यावर वायफायवर आठवड्याचे भाग उतरवून घेणारे लोक माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत.

टीव्हीसाठी आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, पुढे महिन्याचे काहीच नाही. त्यावरील खासगी वाहिन्यांना जागा ई-लिलावाने मिळते, त्यामुळे मराठी वाहिन्यांची यादी अधूनमधून बदलते. पण सह्याद्री कायम आहे. पावसाळ्यात वीज गेली की फ्री डिशही जाते आणि फायबरही, परंतु वीज परत आल्यावर छत्री लगेच चालू होते, राउटरच्या पलीकडची यंत्रणा कधी चालू होईल ते सांगता येत नाही.

आणखी एक निकष, ज्याचा उल्लेख कोणी केला नाही. माझ्या वडिलांना कमी ऐकू येते. इंग्रजी मालिकांना इंग्रजी उपशीर्षके असतात, परंतु मी पाहिलेल्या बहुतेक मराठी मालिकांना मराठी उपशीर्षके नाहीत. असली तर इंग्रजी असतात, ज्यांचा त्यांना उपयोग नाही. घरात ज्येष्ठ माणसे असतील तर वर्गणी भरण्यापूर्वी त्यांच्या आवडीचा एक विनामूल्य भाग लावून ही गोष्ट पाहून घ्यावी.

ताम्हण (नाशिक)

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. निळावंती यांचा उपशीर्षकांचा मुद्दा आमच्याकडेही लागू आहे आणि माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. अनवट यांना एक विचारायचे आहे: दर महिन्याला एक ॲप चालू आणि दुसरे बंद करायचे, तर ते बंद खरोखर होते काय? ओळखीतील काहींचे पैसे बंद केल्यानंतरही कापले गेल्याचे ऐकले आहे.

पारिजातक (ठाणे)

बँकेत अनेक वर्षे काम केल्यामुळे या भागाचे उत्तर मी देते.

रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या वसुलीविषयीचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार कार्डावरून किंवा यूपीआयवरून अशी वसुली सुरू करताना पहिल्यांदा ओटीपीसारखी अतिरिक्त पडताळणी लागते, आणि पुढील प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी रक्कम व तारीख कळवणारा संदेश यावा लागतो, ज्यातून तुम्ही ती वसुली नाकारू शकता. जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. सगळ्या ओटीटी वर्गण्या या मर्यादेच्या आत येतात. म्हणून तो २४ तास आधीचा संदेश हीच तुमची खरी ताकद आहे, आणि तो ज्या मोबाइल क्रमांकावर येतो तो क्रमांक चालू असलाच पाहिजे. जुन्या सिमवर नोंदवलेल्या खात्यांचे पैसे निमूट जात राहतात.

ॲपमधून वर्गणी बंद करणे आणि बँकेतून आदेश रद्द करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही कराव्यात. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' या विभागात चालू असलेले सर्व आदेश एका यादीत दिसतात आणि तेथूनच रद्द करता येतात. कार्डाचे आदेश बँकेच्या संकेतस्थळावर दिसतात. वर्गणी फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर ती तेथूनच बंद करावी लागते, ॲप काढून टाकल्याने ती बंद होत नाही. फायबरच्या योजनेतून मिळालेली असेल तर ती योजनेबरोबर जाते. मात्र त्याच ॲपची जुनी स्वतंत्र वर्गणी तुमच्या नावे चालू राहिलेली नाही ना, हे पाहावे. एकाच घरातून एका ॲपचे दोनदा पैसे जाण्याचा सर्वांत सामान्य मार्ग हाच आहे.

मूल्यमापनात मी एक चाचणी नेहमी सुचवते: पैसे भरण्याआधी 'वर्गणी रद्द करा' हे बटण कोठे आहे ते शोधावे. दोन टप्प्यांत सापडले तर उत्तम. मदत केंद्राला दूरध्वनी करायला सांगत असतील, किंवा विनामूल्य चाचणीसाठीही आधी कार्ड मागत असतील, तर वार्षिक योजना टाळावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार दिले असून रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणाऱ्या वर्गणीच्या सापळ्याचा समावेश त्यांत आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तक्रारीसोबत जोडण्यासाठी रद्द केल्याच्या पानाचे छायाचित्र ठेवावे.

मुलगी अकरावीत आहे म्हणून जाता जाता: २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे ॲपवरील सामग्रीला वयोगटाचे वर्गीकरण द्यावे लागते आणि यू/ए १३+ व त्यावरील सामग्रीसाठी पालकांचे कुलूप असावे लागते. कुलूप असते, पण ते लावलेले नसते.

चौकट (सांगली)

मी थोडा वेगळा सूर लावतो. आळीपाळीने ॲप घेण्याचा सल्ला हिशेबाला बरोबर आहे, परंतु त्यात घरातील माणसाचा विचार नाही. पंच्याहत्तरीच्या आईला या महिन्यात हे ॲप, पुढच्या महिन्यात ते, असे सांगून पाहा. तिला सात वाजता टीव्ही लावला की मालिका दिसली पाहिजे. ॲप उघडणे, प्रोफाइल निवडणे, शोधणे आणि मधेच आलेले 'नवीन अटी मान्य करा' हे पान दूर करणे, हे सगळे दुसऱ्या कोणाला तरी करून द्यावे लागते, आणि तो कोणी ऑफिसात असतो.

डीटीएच किंवा केबल आजही वाटते तितकी महाग नाही. २०१९ मध्ये ट्रायची (दूरसंचार नियामक प्राधिकरणाची) नवी रचना आली तेव्हा शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये व त्यावर जीएसटी, म्हणजे सुमारे १५३ रुपये, असे जोडणीशुल्क होते. पुढे तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या झाल्या, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने शुल्कावरील ही कमाल मर्यादा काढून घेतली. तेव्हा आता प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा विचारावा लागतो. तरीही वाहिन्या सुट्या निवडण्याचा अधिकार कायम आहे. बहुतेक लोक कंपनीने सुचवलेला मोठा संच घेतात आणि मग महागाईची तक्रार करतात. हिंदी-इंग्रजी संच काढून केवळ लागतील त्या मराठी वाहिन्या ठेवल्या, तर बिल कितीतरी खाली येते. जाहिरातींचा त्रास आहे, नाकारत नाही. नियमाने तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिरातींना परवानगी आहे.

आणि तासामागे किती रुपये पडले, हे माप मला पटत नाही. मालिका चालू असताना आई भाजी निवडत असते. मी दोन तास एकाग्रतेने चित्रपट पाहतो. या दोन्हींना एकाच तागडीत घालून कोणते स्वस्त ते कसे ठरवणार?

अनवट (पुणे)

तासाचे माप मी सुचवले नव्हते, पण मनात होते हे मान्य. आपला आक्षेप योग्य आहे. ज्येष्ठांच्या टीव्हीबाबतही मी सहमत आहे. आळीपाळीचा नियम घरातील ज्या व्यक्तीला ॲप बदलल्याने काही अडत नाही तिच्याच पाहण्याला लावावा. ताम्हण यांच्या घरी ती व्यक्ती त्या स्वतः आहेत, आणि काही अंशी मुलगी.

पैलतीर (न्यू जर्सी)

परदेशातील मराठी घरांसाठी दोन गोष्टी, कारण येथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

प्रसारणाचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे नाव तेच असले तरी ॲपमधील साठा तो नसतो. भारतात भरलेली वर्गणी येथे बहुधा चालत नाही, किंवा चाललीच तर येथील साठा दाखवते. आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांची भारतातील वार्षिक वर्गणी त्या काळात निरुपयोगी पडून राहील, हे भरण्यापूर्वी लक्षात घ्यावे. येथे झी५ २०२१ पासून अधिकृतपणे आहे, यप टीव्हीवर भारतीय वाहिन्यांचे संच मिळतात आणि क्रिकेटसाठी विलो आहे. अमेरिकेतील हॉटस्टारची स्वतंत्र सेवा मात्र नोव्हेंबर २०२२ अखेर बंद झाली आणि तिच्यावरील साठा हुलू व अन्य सेवांमध्ये विखुरला. त्यामुळे मी येथे मासिक वर्गणीच घेतो, जरी ती वर्षाच्या हिशेबाने महाग पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'बॉक्स'. प्रत्येक गणेशोत्सवात कोणीतरी सांगतो की एका बॉक्सवर सगळ्या भाषांच्या हजारो वाहिन्या, सगळे क्रिकेट आणि नवे चित्रपट, वर्षाचे थोडेसे पैसे. अशा सेवेचे मूल्यमापन करायला तीन प्रश्न पुरतात. विकणाऱ्या कंपनीचे नाव आणि पत्ता बिलावर आहे काय? तिचे ॲप अधिकृत स्टोअरमध्ये आहे, की बाहेरून फाइल आणून बसवावे लागते? पैसे कार्डाने घेतात, की व्हॉट्सॲपवर ओळखीच्या ओळखीने? एकेका वाहिनीसाठी आणि सामन्यासाठी कंपन्या कोट्यवधी मोजतात. ते सगळे कोणी किरकोळ दरात देत असेल तर त्याने हक्क घेतलेले नाहीत. कायद्याचा प्रश्न आहेच, पण व्यवहाराने पाहिले तरी ती सेवा एखाद्या मोठ्या सामन्याच्या दिवशी बंद पडते आणि दाद मागायला पलीकडे कोणीही नसते. बाहेरून बसवलेले असे ॲप घरच्या वायफायवर आणखी काय करते, हेही आपल्याला दिसत नाही.

सह्यकडा (डोंबिवली)

पैलतीर यांनी लिहिलेल्या बॉक्समुळे 'आयपीटीव्ही' हा शब्द बदनाम झाला आहे, म्हणून एक खुलासा. इंटरनेट कंपनीने स्वतःच्या जाळ्यातून, परवान्यानिशी वाहिन्या देणे यालाही आयपीटीव्हीच म्हणतात. एअरटेलने मार्च २०२५ मध्ये आपल्या फायबर ग्राहकांना ही सेवा देऊ केली. यात वाहिन्या डीटीएचप्रमाणेच क्रमांकाने लागतात, छत्री लागत नाही आणि कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून चित्र येत असल्यामुळे सार्वजनिक इंटरनेटवरील गर्दीचा परिणाम कमी होतो. चौकट यांच्या आईंसाठी हा मधला मार्ग ठरू शकतो: रिमोट तोच, सवय तीच. अडचण एवढीच की टीव्ही आणि इंटरनेट एकाच तारेवर येतात. तार तुटली तर दोन्ही जाते, आणि कंपनी बदलायची झाली तर दोन्ही बदलावे लागते. आपल्या फायबर कंपनीची ही सेवा आपल्या भागात आहे काय, हे ताम्हण यांनी विचारून पाहावे.

ताम्हण (नाशिक)

विचारले. आमच्या कंपनीकडे अजून ती सेवा नाही.

वीस ॲपच्या योजनेच्या अटी वाचल्या. त्यातले झी५ टीव्हीवर चालणारे आहे, पण जिओहॉटस्टारची पायरी मोबाइलची आहे आणि नेटफ्लिक्स त्यात नाहीच. ओटीटीविना असलेल्या योजनेशी तुलना केली तर महिन्याचा फरक जीएसटी धरून ३५४ रुपये येतो. आम्हाला त्यातून एकच ॲप उपयोगाचे, म्हणून ती योजना बाद केली. डीटीएच वर्षाचे न भरता महिन्याच्या रिचार्जवर, फक्त सासूबाईंच्या टीव्हीवर आणि केवळ मराठी वाहिन्यांपुरते ठेवत आहोत. बाहेरच्या खोलीतील टीव्हीचा बॉक्स बंद होईल. तेथे यजमानांच्या क्रिकेटसाठी हॉटस्टार हंगामापुरते घेऊ. मुलीने नेटफ्लिक्सची पाहिलेल्याची यादी स्वतःच काढून दाखवली. परीक्षेच्या दोन महिन्यांत ती जवळजवळ रिकामी होती, तेव्हा ४९९ ऐवजी १९९ ची योजना घेऊन परीक्षेच्या काळात ती थांबवण्याचे तिने मान्य केले आहे. प्राइमचे नूतनीकरण पुढे आहे. तोवर त्यावर किती चित्रपट पाहिले जातात ते टिपत राहीन.

सह्यकडा यांना शेवटचे विचारते: १९९ च्या योजनेत दर्जा ७२० पी आहे. आमचा बाहेरचा टीव्ही ४३ इंची आहे. फरक जाणवेल काय?

सह्यकडा (डोंबिवली)

आठ-दहा फुटांवरून पाहत असाल तर शेजारी-शेजारी लावल्याशिवाय फारसा जाणवणार नाही. उपशीर्षकांच्या कडा किंचित मऊ दिसतील. मात्र ही योजना एकाच पडद्याची आहे, म्हणजे मुलगी मोबाइलवर पाहत असताना आपल्याला टीव्हीवर चित्रपट लावता येणार नाही. चित्रपटाचा दिवस आधीच ठरवून ठेवा. योजना वर न्यायची झाली तर महिना संपण्याची वाट पाहावी लागत नाही, ती ॲपमधून मध्येही बदलता येते.